दरडोई तीस पौंड

माझी सगळी नोकरी सागरी विम्यात गेली. फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत, खडखडणाऱ्या पंख्याखाली, भिजलेल्या, सडलेल्या आणि बुडालेल्या मालाचे क्लेम तपासत. मालाचं वर्णन, नग, वजन, दर, नुकसानीचं कारण. रकाने बरोबर भरलेत ना, एवढं बघायचं आणि फाइल पुढे सरकवायची.

नोकरीला लागलो तेव्हा आमच्या साहेबांनी पहिला धडा कांद्यावरून दिला होता. तोच इथे आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

लासलगावचा कांदा कंटेनरमध्ये भरून दुबईला निघाला. वादळात आत खारं पाणी शिरलं आणि कांदा गेला, तर विमा कंपनी पैसे देते. तोच कांदा प्रवास लांबला म्हणून आपसूक सडला, कोंब आले, पाणी सुटलं, तर दमडी मिळत नाही. सडणं हा कांद्याचा अंगचा गुण, त्यात समुद्राचा काय दोष? आता तिसरी शक्यता. जहाजच बुडायच्या बेताला आलं आणि ओझं कमी करायला कप्तानाने कांद्याची पोती मुद्दाम समुद्रात लोटली. मग पैसे मिळतात. बाकीचं वाचावं म्हणून थोडं घालवलं, तेही नाइलाजाने, म्हणून ते नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं आणि विमेवाल्याने आपला वाटा भरायचा. याला जेटिसन म्हणतात. ऱ्होड्स बेटावरच्या दर्यावर्दी कायद्यातून आलेला हा नियम दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि तसा न्याय्यही आहे.

साहेबांनी सूत्रच सांगितलं होतं: "आपोआप गेलं तर मालकाचं, नाइलाजाने फेकलं तर विम्याचं. बाकी सगळा तपशील."

बऱ्याच वर्षांनी जुन्या विमा-खटल्यांचं एक जाडजूड पुस्तक चाळताना 'ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट' हा १७८३ सालचा खटला समोर आला. जेटिसनचाच दावा. जहाजावर पाणी संपत आलं, म्हणून नाइलाजाने माल समुद्रात टाकला. १३०हून अधिक नग, नगाला तीस पौंड. कांद्याच्या सूत्रात चपखल बसणारा क्लेम होता. काही ओळी वाचून झाल्यावर लक्षात आलं की नग म्हणजे माणसं आहेत.

पुस्तक मिटून मी कँटीनमध्ये जाऊन बसलो. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. इतिहासाचा अभ्यासक मी नव्हे. पण क्लेमची फाइल कशी वाचायची ते मला कळतं, आणि गुलामांचा व्यापार समजून घ्यायला ती नजर बरीच उपयोगी पडते असं माझं मत आहे.

आधी व्यापाराचा आवाका. १५०१ ते १८६६ या काळात आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं अटलांटिक ओलांडण्यासाठी जहाजांत कोंबली गेली. पलीकडे जिवंत उतरली ती सुमारे एक कोटी सात लाख. मधले अठरा लाख वाटेत गेले. गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतली कापसाची शेतं येतात, पण आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून थेट उतरवलेली माणसं चार लाखांच्या आतच होती. एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या वर उतरली. बाकीची बरीचशी कॅरिबियन बेटांवर, उसाच्या मळ्यांत. युरोपच्या चहा-कॉफीत पडणारी साखर तिथून येत होती.

किनाऱ्यावर माणूस विकत घ्यायला जहाजं काय घेऊन जात? बंदुका, दारू, लोखंडी कांबी, पितळेची कडी. आणि कापड. या कापडात गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेलं सुती कापड मोठ्या प्रमाणावर असे. आधी लंडन, ॲमस्टरडॅमला जायचं, तिथून पश्चिम आफ्रिकेत. शिवाय कवड्या. मालदीवच्या उथळ पाण्यात गोळा केलेल्या कवड्या जहाजाचा तोल राहावा म्हणून तळात भरून युरोपात नेत, आणि तिथून बेनिनच्या आखातातल्या व्हिडासारख्या बंदरांत, कारण तिकडे कवडी हेच चलन होतं. 'कवडीमोल', 'फुटकी कवडी' हे आपण येता-जाता म्हणतो. व्हिडाच्या किनाऱ्यावर माणसाची किंमत खरोखरच कवड्यांत ठरे. मोजदाद हजारांनी.

आता तो क्लेम.

जहाजाचं नाव झाँग. मूळ डच जहाज, नाव 'झोर्ग', म्हणजे डच भाषेत 'काळजी'. १७८१च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी ते आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ पकडलं, तेव्हा त्यात २४४ बंदी आधीच होते. जहाज आणि बंदी, दोन्ही एकत्रच विकत घेतले लिव्हरपूलच्या एका भागीदारीने. तिचा म्होरक्या विल्यम ग्रेगसन हा लिव्हरपूलचा माजी महापौर. कप्तान म्हणून नेमला ल्यूक कॉलिंगवूड, पेशाने जहाजावरचा डॉक्टर. गुलामांच्या जहाजावर डॉक्टरचं एक मोठं काम असे: किनाऱ्यावर आणलेल्या माणसांचे दात, डोळे, सांधे तपासून कुणाला घ्यायचं ते ठरवणं. जहाज चालवण्याचा अनुभव त्याला नव्हता.

झाँगमध्ये ४४२ माणसं भरली. एवढ्या जहाजाच्या मानाने जवळजवळ दुप्पट. ऑगस्टमध्ये अक्रा सोडलं. नोव्हेंबर संपेपर्यंत साठाहून अधिक बंदी रोगराईने मेले, खलाशीही मेले, कप्तान स्वतः आजारी पडला. आणि जमैका समोर दिसत असताना तो फ्रेंचांचा सेंट-डोमिंग म्हणजे आजचा हैती आहे असं समजून जहाज पुढे हाकलं. चूक कळली तेव्हा उलट वाऱ्यात परत फिरायचं होतं, आणि म्हणे पाणी कमी होतं.

२९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ५४ बायका-मुलांना केबिनच्या खिडक्यांतून समुद्रात ढकललं. १ डिसेंबरला ४२ पुरुष. त्यानंतरच्या दिवसांत आणखी ३६. दहा जणांनी ढकलणाऱ्यांच्या हाती न लागता स्वतःच उड्या टाकल्या. बंद्यांपैकी एकाला इंग्रजी येत होतं. त्याने विनवलं: आम्हाला अन्नही नको, पाणीही नको, फक्त जगू द्या. ही विनवणी आपल्यापर्यंत पोचली ती जहाजावरच्या मुख्य मदतनिसाच्या जबानीतून, म्हणजे ऐकणाऱ्याने ती ऐकली होती, समजली होती आणि लक्षातही ठेवली होती.

आता कांद्याचं सूत्र इथे लावून बघा. त्या काळच्या विम्याच्या रिवाजात गुलाम रोगाने मेला तर ते 'नैसर्गिक मरण', पैसे नाहीत. निराशेने अन्न सोडून किंवा जीव देऊन मेला, तर तेही नैसर्गिकच. माणसाचं दुःख हा मालाचा अंगचा दोष, सडण्यासारखा. पण बंड मोडताना मारावा लागला किंवा जहाज वाचवायला फेकावा लागला, तर विमेवाला देणं लागतो. आजारी माणूस जहाजावर मेला तर मालकाचे तीस पौंड बुडाले. तोच जिवंत समुद्रात टाकला तर तीस पौंड वसूल. ही सोय कुणा राक्षसाने शोधून काढली नव्हती. सभ्य माणसांनी, चांगल्या हस्ताक्षरात, व्यापार सुरळीत चालावा म्हणून लिहिलेलं ते कलम होतं. असली कलमं मी आयुष्यभर वाचत आलो, म्हणून ते मला जास्त लागलं.

जहाज २२ डिसेंबरला जमैकाच्या ब्लॅक रिव्हर बंदराला लागलं. २०८ बंदी जिवंत होते. पिपांत ४२० गॅलन पाणी शिल्लक होतं. कॉलिंगवूड काही दिवसांतच मेला, जहाजाची रोजनिशी गहाळ झाली.

मालकांनी क्लेम लावला, विमेवाल्यांनी नाकारला, प्रकरण लंडनच्या गिल्डहॉलमध्ये ज्यूरीपुढे गेलं. मार्च १७८३मध्ये ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. विमेवाल्यांनी फेरसुनावणी मागितली, ती मे महिन्यात लॉर्ड मॅन्सफील्डपुढे झाली. तिथे पुढे आलं की शेवटच्या तुकडीला फेकण्याआधी चांगला पाऊस पडला होता. मॅन्सफील्डने नवा खटला चालवायला परवानगी दिली. पुन्हा खटला उभा राहिल्याची नोंद नाही.

या सगळ्या सुनावणीत कोर्टापुढचा प्रश्न एकच होता: पाणी खरंच कमी होतं का? नाइलाज खरा होता का? खून झाला का, हा प्रश्न त्या दालनात कायद्याने उभाच राहू शकत नव्हता. मॅन्सफील्ड स्वतःच म्हणाला की ऐकायला धक्का बसतो खरा, पण कायद्याच्या दृष्टीने हे घोडे समुद्रात टाकण्यासारखंच आहे. आणि हा कुणी दगडाच्या काळजाचा न्यायाधीश नव्हता. सॉमरसेट नावाच्या गुलामाला इंग्लंडमधून जबरदस्तीने बाहेर नेता येणार नाही, हा १७७२चा गाजलेला निकाल त्याचाच. त्याच्या घरात त्याची नात्यातली मुलगी वाढत होती, डिडो एलिझाबेथ बेल. भाच्याची मुलगी, आई आफ्रिकी गुलाम. मॅन्सफील्डने पुढे मृत्युपत्रात ती स्वतंत्र असल्याचं मुद्दाम लिहून ठेवलं. म्हणजे हा माणूस सकाळी डिडोच्या हातचा चहा पीत असेल आणि दुपारी कोर्टात घोड्यांची उपमा देत असेल. मला तो ढोंगी वाटत नाही, आणि त्यामुळेच जास्त अस्वस्थ व्हायला होतं. रकान्यात शब्द 'माल' असा लिहिलेला असला की त्याखाली सही करणाऱ्याचा स्वभाव कसा आहे याने फार फरक पडत नाही.

खुनाचा प्रश्न विचारला तो कोर्टाबाहेरच्या दोघांनी. १९ मार्च १७८३ला ओलाउदा इक्विआनो ही बातमी घेऊन गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पकडे गेला. शार्पने खलाशांवर खुनाचा खटला भरावा म्हणून आरमार खात्याला पत्रं लिहिली. काही झालं नाही.

इक्विआनो स्वतः एके काळी गुलाम होता. कॅरिबियन बेटांमध्ये मालकाच्या जहाजावर काम करताना त्याने तीन पेन्सच्या भांडवलावर धंदा सुरू केला. एका बेटावर काचेचा पेला घेतला, दुसऱ्यावर दुप्पट किमतीला विकला. मग दोन पेले. असं करत करत १७६६ साली त्याने मालकाला चाळीस पौंड मोजून स्वतःला विकत घेतलं. पावती घेऊन. मात्र हाच इक्विआनो दहा वर्षांनी मध्य अमेरिकेच्या मॉस्किटो किनाऱ्यावरच्या एका मळ्यासाठी जमैकात गुलाम निवडत होता. आपल्याच मुलखातले निवडले आणि त्यांना बरं वागवलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे आणि हे वाक्य मला अजून गिळवत नाही.

हे सगळं मी घरी सांगायला लागलो की माझा भाचा एक प्रश्न हमखास काढतो. "मामा, पण विकणारे आफ्रिकीच होते ना?"

होते. पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याच्या राजाने १७२७मध्ये व्हिडा जिंकून घेतलं ते व्यापार हातात यावा म्हणूनच. युरोपातले व्यापारी बहुतेक किनाऱ्यावरच्या गढ्यांतच बसून असत, माणसं धरून आणणं स्थानिक राजे आणि दलालांकडे. पण पकडणाऱ्याला आणि पकडलेल्याला 'आपण दोघेही आफ्रिकी' असं वाटायचं काही कारण नव्हतं. ती ओळखच तेव्हा नव्हती. वेगळं राज्य, वेगळी भाषा, हाडवैर. शिवाय शेजारच्या राज्याने माणसं विकून बंदुका घेतल्या की आपल्यालाही घ्याव्या लागत. भाच्याला मी आमच्या धंद्याचं उत्तर देतो: एका नुकसानीला दोघे जबाबदार निघाले तर जबाबदारी दोघांत वाटली जाते रे, ती नाहीशी होत नाही.

त्याचा दुसरा प्रश्न जास्त अवघड. "त्या काळी ते चालायचंच. आजच्या मापाने त्यांना कसं मोजायचं?"

मलाही हे पटायचं. मग एकदा मनात आलं की 'त्या काळची माणसं' म्हणजे आपण कुणाला धरतो? मालक, कप्तान, न्यायाधीश. तळघरात साखळीला जखडलेली ४४२ माणसं त्याच काळची नव्हती का? त्यांना ते चालत नव्हतं. जहाजांच्या कडेला जाळ्या लावत, कारण माणसं उड्या मारत. बंडं इतकी होत की पॉलिसीत 'बंड' हा स्वतंत्र धोका लिहिलेला असे. १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुरावे गोळा करणारा थॉमस क्लार्कसन लिव्हरपूलला गेला असताना त्याला एका दुकानात हातकड्या, बेड्या आणि अंगठे चिरडायचे स्क्रू मांडलेले दिसले. शेजारी एक कंपाससारखं हत्यार होतं: मिटलेली दोन टोकं दातांच्या फटीत घालायची आणि मागचा स्क्रू पिळला की जबडा उघडतो. दुकानदाराने समजावून सांगितलं, धनुर्वातात दातखीळ बसली की डॉक्टर वापरतात, आणि जे गुलाम अन्न सोडतात त्यांच्यासाठीही. क्लार्कसनने ते सगळं विकत घेतलं आणि पुढे लोकांना दाखवत फिरला. ज्या बंदराच्या भर बाजारात हे विकायला ठेवलेलं असतं, तिथल्या लोकांना समोरच्या माणसाची संमती नाही हे माहीत नसतं, असं कसं म्हणायचं?

पुढची हकिकत भराभर सांगतो, ती बरीच ठाऊक असते. १७८८मध्ये 'ब्रुक्स' जहाजाचं चित्र छापून इंग्लंडभर वाटलं गेलं, तळघरात ओळीने निजवलेली माणसं. १७९०च्या कायद्याने गुलाम समुद्रात फेकल्याबद्दल विमा मिळणं बंद केलं. कायद्यातल्या अगदी सुरुवातीच्या दुरुस्त्यांपैकी एक क्लेमच्या कलमात व्हावी, हे आमच्या धंद्यातल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. ज्या सेंट-डोमिंगच्या धास्तीने झाँग भरकटलं, तिथल्या गुलामांनी १७९१ला बंड केलं आणि १८०४ला स्वतःचं राज्य उभारलं. ब्रिटनने १८०७ला व्यापार बंद केला, आणि १८३३च्या कायद्याने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी.

आणि नुकसानभरपाई दिली. दोन कोटी पौंड, सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के. मिळाली मालकांना. सुमारे ४६ हजार दावे आले. वय, काम, बेट यांनुसार दरडोई दर ठरले, रकाने भरले गेले. सुटलेल्या माणसांना काही नाही, उलट १८३८पर्यंत त्याच मालकांकडे 'उमेदवारी' म्हणून फुकट राबायचं. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा तुकडा ब्रिटिश सरकारने फेडला २०१५ साली. हैतीची कथा आणखी वेगळी: १८२५मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले, आपली 'मालमत्ता' गेली म्हणून. म्हणजे सुटलेल्या गुलामांनीच आपली भरपाई मालकांना द्यायची. रक्कम पुढे कमी केली, पण त्यापायी झालेलं कर्ज विसाव्या शतकात फिटलं.

आपल्याकडे बोट वळवल्याशिवाय हा विषय सोडणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, दिल्या-घेतल्या जात. दुष्काळात विकलेल्या, लढाईत धरलेल्या, बदकर्माच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या बायका. 'बटकीच्या' ही शिवी जुन्या माणसांच्या तोंडी असायची, आणि पत्त्यांत राजा-राणीच्या पंगतीला गुलाम अजून बसतो. पोर्तुगीजांच्या गोव्यात मोझांबिकहून माणसं आणली जात. १८३३चा ब्रिटिश कायदा कंपनी सरकारच्या मुलखाला लागू नव्हता. इथे १८४३ उजाडलं, आणि तेव्हाही कायदा एवढंच म्हणाला की गुलामावरचा मालकीहक्क कोर्ट मानणार नाही. त्यानंतर तीस वर्षांनी, १८७३ला, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना. खरेदीखत नसतानाही माणूस बांधलेला असू शकतो, हे त्यांनी इथे बसून ओळखलं होतं.

निवृत्त होताना त्या खटल्याची पानं मी झेरॉक्स करून आणली. अधूनमधून काढून बघतो. आकड्यांचा माणूस, त्यामुळे एक गोष्ट खटकत राहायची. फेकलेल्यांचा आकडा कुठे १३२ आहे, कुठे १३३. एकाचा फरक. क्लेमच्या फाइलीत एका नगाचा घोळ बहुतेक वेळा मोजणाऱ्याची चूक असते.

झाँगवर फेकलेल्यांपैकी एकाच्या हाताला पाण्यात लोंबणारा दोर लागला होता. तो दोर धरून तो जहाजावर परत चढला. त्याचे तीस पौंड कुणाला मागता आले नाहीत.